पीठ, पंचा आणि आम्लाची अर्धी साक्ष

१/ ज्वारीचे मूठभर पीठ विरळ सल्फ्यूरिक आम्लात काही तास उकळले, तर त्यातील स्टार्चचे ग्लुकोज होते. जुन्या सुती पंचाचा तुकडा आधी तीव्र आम्लात विरघळवून, मग पाणी घालून उकळला, तर त्याचेही ग्लुकोजच होते. दोन्ही भांड्यांतील शर्करा एकच. तिच्यात तसूभरही फरक नाही. केवळ आम्लाच्या साक्षीवर विसंबायचे ठरवले, तर भाकरी आणि पंचा हे एकच द्रव्य ठरते.

२/ तरीही रसायनशास्त्राच्या लोकप्रिय इतिहासात एक कथा वर्षानुवर्षे फिरत आहे: शास्त्रज्ञांनी गुंतागुंतीची कर्बोदके आम्लाने तोडली आणि त्यांची रचना उलगडली. या कथेचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध इतका अपुरा आहे की तो खोट्याच्या जवळ जातो. आम्लाने जे सांगितले त्याहून जे लपवले, नष्ट केले आणि काही वेळा स्वतः रचले, त्याची किंमत विज्ञानाने दीडशे वर्षे मोजली. काही ठिकाणी ती रुग्णांनी मोजली.

३/ आरंभ १८११चा. सेंट पीटर्सबर्गमधील रसायनज्ञ गॉटलीब किर्खोफ डिंकाला स्वस्त पर्याय शोधत होते. बटाट्याचा स्टार्च विरळ सल्फ्यूरिक आम्लात तापवल्यावर चिकट डिंकाऐवजी गोड पाक हाती आला. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे युरोपात उसाची साखर दुर्मीळ झाली होती. त्यामुळे या पाकाचे कौतुक आधी व्यापाराने केले, विज्ञानाने नंतर. किर्खोफ यांची नजर मात्र तीक्ष्ण होती. क्रिया संपल्यावर आम्ल जितके घातले तितकेच परत मिळते, हे त्यांनी ताडले. पुढे १८३५च्या सुमारास बर्झेलियस यांनी ‘उत्प्रेरण’ ही संकल्पना मांडली, तेव्हा आधाराला घेतलेल्या उदाहरणांत हे एक होते.

४/ आम्ल खर्च होत नाही, मग खर्च काय होते? उत्तर जिनिव्हाच्या थिओडोर द सोस्यूर यांनी तराजूने दिले. १०० भाग स्टार्चपासून सुमारे ११० भाग साखर मिळते, असे त्यांना आढळले. वाढलेले वजन पाण्याचे. आजच्या हिशेबाने हा आकडा १११ येतो: १६२ वजनाच्या प्रत्येक एककात १८ वजनाचे पाणी शिरते आणि १८० वजनाचे ग्लुकोज सुटे होते. ‘जलीय विच्छेदन’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी केलेले हे मोजमाप आजही थक्क करते.

५/ १८१९मध्ये नान्सीचे आंरी ब्राकोनो यांनी लाकडाचा भुसा आणि तागाच्या चिंध्या तीव्र आम्लात विरघळवून साखर मिळवली. एक पौंड चिंध्यांपासून पौंडाहून अधिक साखर, ही वार्ता त्या काळी थट्टेचाही विषय झाली. ती खरी होती, आणि कारण तेच: आत शिरलेले पाणी.

६/ येथवर आम्ल निर्दोष आहे. हे द्रव्य कशाचे बनले आहे, या प्रश्नाचे उत्तर ते चोख देते. घोटाळा सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी: ते कसे बनले आहे? माळ तोडून मणी ताटात ओतले, तर मणी मोजता येतात, त्यांचे प्रकार सांगता येतात. कोणता मणी कोणाशेजारी होता, माळ एकपदरी होती की तिला फाटे होते, दोरा कोणत्या भोकातून गेला होता, यांपैकी काहीही ताट सांगत नाही.

७/ पीठ आणि पंचा यांत फरक नेमका कुठे आहे? दोघांतही ग्लुकोजची एकके एकमेकांना पहिल्या व चौथ्या कार्बनांनी जोडलेली. फरक एवढाच की स्टार्चमध्ये तो जोड अल्फा दिशेचा, तर सेल्युलोजमध्ये बीटा दिशेचा. त्या एका वळणामुळे स्टार्चची साखळी मळसूत्रासारखी वळते आणि माणसाला पचते. सेल्युलोजची साखळी सरळ राहते, शेजारणीला बिलगते आणि धागा होते. आम्ल तोडते तो नेमका हाच जोड. सुटलेले ग्लुकोज पाण्यात पडताच अल्फाचे बीटा आणि बीटाचे अल्फा होऊ लागते. सगळ्यांत मोलाचा पुरावा पहिल्या घावातच पुसला जातो.

८/ याची जाणीव ज्यांना झाली, त्यांनी खरी प्रगती घडवली. त्यांनी आम्ल टाकून दिले नाही. तोडण्याआधी खुणा करून ठेवल्या. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज येथे टॉमस पर्डी आणि जेम्स अर्विन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शर्करांच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथिल गट बसवण्याची रीत घडवली. मिथिल गट उकळत्या आम्लातही टिकतो. आधी सगळ्या मोकळ्या जागा मिथिलने झाकायच्या, मग साखळी तोडायची. सुट्या झालेल्या शर्करेवर जी जागा उघडी दिसेल, तिथे कधीतरी जोड होता.

९/ तिथेच डेनहॅम आणि वुडहाउस यांनी १९१३च्या सुमारास ही रीत सेल्युलोजवर चालवली. हाती आले ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी मिथिल असलेले ग्लुकोज. म्हणजे पहिली, चौथी आणि पाचवी जागा गुंतलेली. लोकप्रिय कथा येथे टाळ्या वाजवते आणि पडदा पाडते. प्रत्यक्षात कोडे येथे सुरू होते. चौथी आणि पाचवी यांपैकी एक जागा शेजाऱ्याशी जोडणारी, दुसरी स्वतःचेच वलय मिटवणारी. कोणती कोणती? आम्ल दोन्ही जागा सारख्याच उघड्या करते आणि गप्प बसते.

१०/ ते मौन नॉर्मन हॉवर्थ यांनी १९२०च्या दशकात मोडले, आणि तेही आम्लाच्या बाहेर जाऊन. सेल्युलोजपासून मिळणारी सेलोबायोज ही दोन एककांची शर्करा त्यांनी आधी ऑक्सिडीकरणाने अशा रूपात नेली की तिच्या एका एककाचे वलय उघडे पडले. मग मिथिल बसवले, आणि तोडले ते सर्वांत शेवटी. वलय उघडल्याने त्याची जागा वेगळी ओळखता आली आणि जोड चौथ्या कार्बनावर आहे हे ठरले. हॉवर्थ यांना १९३७चे नोबेल मिळाले. त्या यशात आम्लाचा वाटा करवतीचा होता. रचनेचा उलगडा झाला तो करवत चालण्याआधी घातलेल्या खुणांमुळे.

११/ याच दशकात जर्मनीत मोठा वाद पेटला होता. स्टार्च, सेल्युलोज, रबर हे खरोखर लांबलचक रेणू आहेत, की लहान रेणूंचे घोळके? हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२०पासून लांब रेणूंची बाजू धरली. विरोधात कुर्ट हेस, माक्स बेर्गमान, हान्स प्रिंग्सहाइम, पॉल कारर अशी वजनदार नावे होती. १९२६मध्ये ड्यूसेलडॉर्फच्या सभेत दोन्ही पक्ष समोरासमोर आले.

१२/ आज श्टाउडिंगर यांच्या विरोधकांची टिंगल करण्याची फॅशन आहे. ती अन्यायाची आहे. त्यांच्यापुढे असलेला पुरावा पाहावा: आम्ल घातले की ग्लुकोज मिळते, थोडे आधी थांबवले की सेलोबायोज मिळते. क्ष-किरणांनी दाखवलेली स्फटिकाची मूळ कोठडी जेमतेम काही ग्लुकोज एकके मावतील एवढीच. रेणू कोठडीहून मोठा असू शकत नाही, असा समज तेव्हा रूढ होता. मायकेल पोलान्यी यांनी १९२१मध्येच सांगितले होते की ही चित्रे लांब साखळीलाही जुळतात आणि दोन एककांच्या छोट्या वलयांनाही. आम्लाने मिळालेला माल दोन्ही तर्कांना सारखाच पाठिंबा देत होता. जो साक्षीदार दोन्ही पक्षकारांच्या बाजूने बोलतो, त्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही.

१३/ उलट त्या साक्षीने दिशाभूलच केली. हेस यांना आम्ल आणि ॲसेटिक अनहायड्राइड यांच्या मिश्रणातून ‘बायोसान’ नावाचे द्रव्य मिळाले होते. सेल्युलोजची मूळ वीट हीच, असा त्यांचा दावा होता. पुढे ती वीट नसून निरनिराळ्या लांबीच्या तुटक्या साखळ्यांचे मिश्रण निघाले. पाडलेल्या भिंतीचा राडारोडा उचलून वास्तूचा नकाशा म्हणून मिरवला गेला होता.

१४/ कोंडी फोडणाऱ्यांत हायडेलबर्गचे कार्ल फ्रॉयडेनबर्ग अग्रभागी होते, आणि त्यांनी ती आम्लानेच फोडली. फरक प्रश्नात होता. काय मिळते, असे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले: किती मिळते आणि किती वेगाने मिळते? १९२१मध्ये त्यांनी सेलोबायोजच्या उताऱ्यावरून हिशेब मांडला की तो एकसारख्या जोडांच्या लांब साखळीशी सुसंगत आहे. १९३०मध्ये त्यांनी व वेर्नर कून यांनी सुमारे ५० टक्के सल्फ्यूरिक आम्लात सेल्युलोज तुटण्याचा वेग क्षणाक्षणाला मोजला. साखळी कुठेही, योगायोगाने तुटते आणि सर्व जोड जवळपास सारखेच आहेत, असे मानून काढलेला आलेख मोजमापाशी जुळला.

१५/ हा प्रसंग लोकप्रिय कथांत जवळपास नसतोच. नाट्य नाही, पाक नाही, चिंध्यांची साखर नाही. आहे ती संख्याशास्त्राची रुक्ष वही. परंतु आम्लाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात रचनेच्या प्रश्नावर त्याने दिलेली सर्वांत प्रामाणिक साक्ष हीच आहे. घड्याळ हातात घेतल्यावर आम्ल खरे बोलू लागले.

१६/ विजेत्यांनाही आम्लाने सोडले नाही. १९३२मध्ये हॉवर्थ आणि माखेमर यांनी साखळीची लांबी मोजण्याची सुंदर युक्ती वापरली. साखळीच्या टोकाच्या एककावर मिथिलच्या चार जागा, मधल्यांवर तीन. तोडल्यावर चार-मिथिल ग्लुकोज किती टक्के मिळते, यावरून टोके मोजायची. ते साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरले, म्हणजे साखळी फार तर २०० एककांची. कापसातील साखळ्या आज हजारो एककांच्या मानल्या जातात. चूक गणितात नव्हती. नमुना तयार करतानाच साखळ्या तुटल्या होत्या, आणि प्रत्येक तुटीने एक नवे टोक निर्माण केले होते. मोजली गेली ती प्रयोगाने स्वतःच पाडलेली टोके.

१७/ आता आम्लाच्या सर्वांत गंभीर दोषाकडे. ते केवळ पुरावा नष्ट करत नाही, बनावट पुरावाही तयार करते. एमिल फिशर यांनी १८९०मध्ये शुद्ध ग्लुकोजवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल चालवले आणि त्यातून ‘आयसोमाल्टोज’ मिळवली, म्हणजे दोन ग्लुकोज पुन्हा एकमेकांना जोडले गेले. तोडणारे आम्ल दाट विद्रावात जोडतेही. याला ‘प्रत्यावर्तन’ म्हणतात.

१८/ याचा फटका स्टार्च आणि ग्लायकोजेन यांच्या फांद्यांच्या प्रश्नाला बसला. या रेणूंना फाटे आहेत आणि फाट्याच्या ठिकाणी जोड पहिल्या व सहाव्या कार्बनांत आहे, असा कयास होता. तो खरा असेल, तर आम्लविच्छेदनानंतर नेमकी आयसोमाल्टोजच मिळायला हवी. ती मिळतही होती. पण जी शर्करा आम्ल शुद्ध ग्लुकोजपासूनही बनवते, ती भांड्यात सापडली याचा अर्थ काय? ती रेणूतून आली की भांड्यात शिजली?

१९/ ओहायोचे मेलव्हिल वुल्फ्रम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५०च्या आसपास हा प्रश्न शिस्तीने सोडवला. विद्राव विरळ ठेवले, म्हणजे प्रत्यावर्तनाला वाव कमी; आणि फांद्या नसलेल्या द्रव्यावर तोच प्रयोग शेजारी लावून किती आयसोमाल्टोज ‘आपोआप’ येते ते तपासले. त्यापलीकडे जी उरली, ती खरी. फांदी सिद्ध झाली ती आयसोमाल्टोज सापडल्याने नव्हे. रिकाम्या प्रयोगाशी तुलना केल्याने.

२०/ आणि जे आम्लात टिकतच नाही, त्याचे काय? साध्या शर्करा उष्ण आम्लात हळूहळू जळतात: पाच कार्बनांच्या शर्करांचे फुरफुराल होते, सहा कार्बनांच्यांचे हायड्रॉक्सिमिथिल फुरफुराल. फ्रुक्टोज तर फार लवकर जाते. युरॉनिक आम्ले कार्बन डायऑक्साइड सोडून नाहीशी होतात. सियालिक आम्ल तीव्र विच्छेदनात काळ्या गाळात जाते. आणि दुष्टचक्र असे की युरॉनिक आम्लाचा जोड इतरांपेक्षा चिवट असतो. तो तोडण्याइतके आम्ल प्रखर केले की तुटून बाहेर येणारी वस्तू जळते. सौम्य ठेवले की जोड तुटत नाही.

२१/ या दुष्टचक्राचा सर्वांत महागडा बळी म्हणजे हेपारिन. रक्त गोठू न देणारे हे द्रव्य १९१६मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन यांच्या हाती लागले. स्टॉकहोमच्या एरिक यॉर्पेस यांनी १९३०च्या दशकात त्यातील सल्फेट, ग्लुकोसामीन आणि युरॉनिक आम्ल ओळखले. शस्त्रक्रिया, डायलिसिस, हृदयरोग, सर्वत्र ते वापरले जाऊ लागले. त्याची रचना मात्र चुकीची शिकवली जात राहिली.

२२/ हेपारिनमधील युरॉनिक आम्ल म्हणजे ग्लुक्युरॉनिक आम्ल, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. १९६२मध्ये सिफोनेली आणि डॉर्फमन यांना त्यात आयड्युरॉनिक आम्ल आढळले. त्याच दशकात आर्थर पर्लिन यांच्या एनएमआर अभ्यासाने दाखवले की बहुतांश हिस्सा त्याचाच आहे. दोन्ही आम्लांत फरक पाचव्या कार्बनावरील एका वळणाचा. पण हेपारिनला लवचीकपणा देणारे, प्रथिनाशी जुळवून घेणारे एकक तेच. मुख्य घटकच जवळपास अर्धशतक दुय्यम नावाखाली वावरत होता.

२३/ का? आम्लाची करणी पाहावी. हेपारिन आम्लात तापवले की ग्लुकोसामीनच्या नत्रावरचा सल्फेट गट सर्वांत आधी गळतो. उघडा पडलेला अमिनो गट आम्लात धनभारित होतो आणि तो भार शेजारच्या जोडाचे रक्षण करू लागतो. म्हणजे आम्लाने आपल्याच पहिल्या घावाने पुढचा घाव अवघड करून ठेवला. मग आम्ल वाढवायचे, आणि वाढवलेल्या आम्लात युरॉनिक आम्ले जळून जायची. उरलेल्या अवशेषांवरून घटकांची यादी लिहिली जायची. यादी लिहिणारे निष्काळजी नव्हते. त्यांच्या हाती आलेले ताटच आधी उष्टावलेले होते.

२४/ उलगडा झाला तो वेगळ्या हत्यारांनी: हेपारिन ठरावीक जागीच कापणारी जिवाणूंची विकरे, आणि नायट्रस आम्ल. नावात आम्ल असले तरी ते उकळत्या खनिज आम्लासारखे आंधळे नाही; सल्फेटयुक्त ग्लुकोसामीन दिसले की तिथेच कापते, युरॉनिक आम्लाला धक्का लावत नाही. अशा नेमक्या तुकड्यांतून १९८०च्या सुमारास अँटिथ्रॉम्बिनला पकडणारा पाच एककांचा तुकडा सापडला. तोच पुढे प्रयोगशाळेत घडवून फोंडापॅरिनक्स हे औषध तयार झाले, २००१मध्ये ते मान्य झाले.

२५/ रचना नीट माहीत असणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न आहे का? २००७च्या अखेरीस अमेरिकेत हेपारिन दिलेल्या रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळू लागला, ॲलर्जीसारखी लक्षणे दिसू लागली. २००८च्या वसंतात तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा लक्षणांसह झालेल्या ८१ मृत्यूंच्या नोंदी जाहीर केल्या. दूषित माल ११ देशांत पोहोचला होता. कच्चा माल डुकरांच्या आतड्यांपासून चीनमध्ये तयार झालेला होता.

२६/ भेसळ साधी नव्हती. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या स्वस्त द्रव्यावर रासायनिक रीतीने जादा सल्फेट चढवून ते हेपारिनसारखे भासवले होते. औषधसंहितेतील तेव्हाच्या चाचण्या प्रामुख्याने रक्त गोठण्यास किती विलंब होतो ते पाहत. भेसळ त्या ओलांडून गेली. ती पकडली एनएमआर आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस यांनी, म्हणजे रेणू अखंड ठेवून पाहणाऱ्या पद्धतींनी. हेपारिनच्या ॲसिटिल गटाची खूण २.०४ पीपीएमला असते. दूषित नमुन्यांत २.१५च्या आसपास आणखी एक शिखर उभे होते. मिलानच्या रोंझोनी संस्थेतील मार्को ग्वेरिनी, बेनितो कासू आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्या शिखराचे नाव-गाव जाहीर केले.

२७/ येथे आम्लाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे आहे. या प्रकरणानंतर अमेरिकी औषधसंहितेने हेपारिनसाठी जी नवी चाचणी घातली, ती चक्क आम्लविच्छेदनाची आहे. हेपारिनमध्ये असते ग्लुकोसामीन, कॉन्ड्रॉइटिनमध्ये गॅलॅक्टोसामीन. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात तोडायचा. एकूण हेक्सोसामीनपैकी गॅलॅक्टोसामीन एक टक्क्याहून अधिक निघाले, तर माल नाकारायचा. मण्यांचा क्रम विचारलेला नाही, वळण विचारलेले नाही. परका मणी आहे का, एवढेच विचारले आहे. अशा प्रश्नाला आम्ल आजही चोख उत्तर देते. दोष हत्याराचा कधीच नव्हता. आम्लाला सर्वज्ञ मानणाऱ्यांचा होता.

२८/ आणि ही वृत्ती दूरच्या प्रयोगशाळांपुरती राहिली नाही. ती ताटापर्यंत आली. १८६०च्या दशकात गॉटिंगनजवळच्या वेंडे येथे हेन्नेबर्ग आणि श्टोमान यांनी जनावरांच्या चाऱ्याची प्रत ठरवण्यासाठी एक रीत बसवली. चारा १.२५ टक्के सल्फ्यूरिक आम्लात अर्धा तास उकळायचा, मग तितक्याच अल्कलीत अर्धा तास. जे विरघळले नाही, त्यातून राख वजा केली की उरते ‘क्रूड फायबर’. गुरांसाठी काढलेला हा ढोबळ अंदाज पुढे माणसांच्या अन्नाच्या कोष्टकांत जाऊन बसला.

२९/ यातील अप्रामाणिकपणा सूक्ष्म आहे. विरळ आम्लात हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि डिंक मोठ्या प्रमाणात विरघळतात. माणसाच्या आतड्याला ती पचत नाहीत, म्हणजे व्याख्येने ती तंतूच. पण आम्लाने विरघळवली म्हणून ती तंतू नाहीत, असे ठरले. माणसाला काय पचते, हा निर्णय सल्फ्यूरिक आम्लावर सोपवला गेला. माणसाच्या पोटात सल्फ्यूरिक आम्ल उकळत नसते, ही साधी गोष्ट शंभर वर्षे कोष्टकांच्या आड राहिली.

३०/ परिणाम महाराष्ट्राच्या धान्यांवरच पाहता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१च्या प्रसिद्ध कोष्टकांत दर १०० ग्रॅममागे तंतू असे आहेत: बाजरी १.२ ग्रॅम, ज्वारी १.६, नाचणी ३.६. त्याच संस्थेने विकरांवर आधारलेल्या नव्या पद्धतीने मोजून २०१७मध्ये दिलेले एकूण आहारतंतू असे: बाजरी ११.४९, ज्वारी १०.२२, नाचणी ११.१८.

३१/ आकडे सुमारे तीन ते साडेनऊ पटींनी वाढले, याचे फारसे आश्चर्य नाही. क्रम बदलला, हे महत्त्वाचे. नाचणीत बाजरीच्या तिप्पट तंतू, हा जुन्या कोष्टकाचा निष्कर्ष आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यांत आणि वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांत मुरला. नव्या मोजणीत बाजरी नाचणीच्या किंचित पुढेच आहे. जुना फरक धान्यांचा नव्हता. कोणत्या धान्याचे तंतू आम्लात अधिक विरघळतात, याचा होता. माणदेशातील किंवा मराठवाड्यातील ज्या घरांत बाजरीची भाकरी रोजची, त्या घरांच्या अन्नाला कागदावर चोथा नसलेले अन्न ठरवण्यात आले.

३२/ दुसरी चूक तर आकड्यांच्या बेरजेतच दडली आहे. त्या कोष्टकांत कर्बोदके स्वतंत्रपणे मोजलेली नसतात; १००मधून बाकी सर्व वजा करून उरेल ते कर्बोदक. ज्वारीचे पाहावे: पाणी ११.९, प्रथिने १०.४, स्निग्ध १.९, खनिजे १.६, तंतू १.६. बेरीज २७.४. उरले ७२.६, आणि नेमका हाच आकडा कर्बोदकांच्या रकान्यात आहे. आम्लात विरघळून गेलेले तंतू कुठेही गेले नव्हते. ते मुकाट्याने शेजारच्या रकान्यात सरकले, कर्बोदक म्हणवू लागले आणि त्यांच्या नावावर उष्मांकही चढले.

३३/ मधुमेही माणसाला भाकरी मोजून खाण्याचा सल्ला ज्या तक्त्यावरून दिला गेला, त्यात पचणारे पीठ आणि न पचणारा चोथा एकाच ओळीत, एकाच नावाने उभे होते. पीठ आणि पंचा यांच्यात फरक न करणारे आम्ल त्या तक्त्यातही तेच करत होते. पशुखाद्याच्या पोत्यांवर ‘क्रूड फायबर’ आजही छापलेले असते. गुरांपुरते ते चालेलही. माणसांच्या आहाराविषयी लिहिणारे अनेक जण मात्र ज्वारीत तंतू १.६ ग्रॅम, असे १९७१च्या कोष्टकातून अजूनही उतरवून घेतात.